पाकिटावरचं हिरवं पान आणि कपातलं दूध

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या सुपरमार्केटात कॉफीचं पाकीट हातात घेणारं गिऱ्हाईक आधी किंमत बघतं, मग एक्स्पायरी आणि जाणकार असेल तर चिकोरी किती टक्के आहे ते. कोपऱ्यातलं हिरवं पान, ‘क्लायमेट फ्रेंडली’ ही अक्षरं सगळ्यात शेवटी. यात दोष गिऱ्हाइकापेक्षा लेबलाचा जास्त.

कार्बनचा आकडा, म्हणजे त्या वस्तूपायी हवा तापवणारे वायू किती ग्रॅम सुटले ते, पाकिटावर छापण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये २००७ साली झाली. टेस्को या साखळी दुकानांनी आपल्या सगळ्या मालावर असे आकडे छापायचं जाहीर केलं आणि २०१२ मध्ये नाद सोडला. एकेका वस्तूचा हिशेब करायला महिने लागत, आणि इतर दुकानदार मागे आलेच नाहीत. शिवाय नुसता ग्रॅमचा आकडा वाचून तो जास्त की कमी हे कुणाला कळणार? फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, कारण शेजारच्या फ्रिजशी तुलना तिथेच होते. कॉफीवरच्या २०१६ सालच्या एका प्रयोगात थोगरसन आणि निल्सन या संशोधकांनी हेच तपासलं. आकड्यासोबत सिग्नलचे लाल, पिवळा, हिरवा हे रंग दिले की लेबलाचा निवडीवर जास्त परिणाम होतो, असं त्यांना आढळलं.

आकडा असलाच, तर तो कुठपर्यंतचा आहे हे आधी पाहावं. कोस्टा रिकातून युरोपात जाणाऱ्या कॉफीच्या अभ्यासात कच्च्या बियांच्या किलोमागे सुमारे ४.८ किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (म्हणजे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजून) उत्सर्जन निघालं. त्यातला जवळपास निम्मा वाटा कॉफी बनवून पिण्याचा. म्हणजे मळ्याच्या फाटकाशी हिशेब थांबवला की तीच कॉफी कागदावर एकदम ‘स्वच्छ’ दिसते. मळ्यात मुख्य गुन्हेगार नत्रयुक्त खत. त्यातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक असतो. ‘जवळची कॉफी’ म्हणून फार फरक पडत नाही. चिकमगळूरहून ट्रकने इथवर यायला किलोमागे पन्नासेक ग्रॅम पुरतात.

आता कोल्हापुरी कप घ्या. १०० मिली म्हशीचं दूध, ५० मिली पाणी, २ ग्रॅम इन्स्टंट पावडर. एवढ्या पावडरीला साधारण ५ ग्रॅम कच्च्या बिया लागतात. सढळ हाताने धरलं तरी तिचं उत्सर्जन ३०-४० ग्रॅम. उकळायला जेमतेम २ ग्रॅम गॅस, म्हणजे ६ ग्रॅम. दुधाचं मात्र लिटरमागे १ ते ३ किलो, गुरांच्या चाऱ्यावर आणि दुधाच्या उताऱ्यावर अवलंबून. म्हणजे कपात १०० ते ३०० ग्रॅम. २० टक्के ‘कमी कार्बन’ची कॉफी घेतली, तर वाचतात ६-८ ग्रॅम, दूध पाव हिश्श्याने, म्हणजे २५ मिली कमी केलं, तर किमान २५. अर्थात कोल्हापुरात दूध कमी करा म्हणणं म्हणजे तांबड्या रश्श्यात पाणी घाला म्हणण्यासारखंच! पण भांड्यात उरून सिंकमध्ये ओतलं जाणारं दूध तरी वाचवता येतं.

चिन्हांची गल्लतही फार होते. ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय शेतीचं चिन्ह, रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडूक मळ्यातल्या पद्धतींचा, ‘बर्ड फ्रेंडली’ सावलीच्या झाडांचा आणि सेंद्रिय लागवडीचा. यातलं एकही चिन्ह कार्बनचा आकडा सांगत नाही. ‘कार्बन न्यूट्रल’ लिहिलं असेल, तर उत्सर्जन खरंच घटवलं की दुसरीकडे झाडं लावल्याची पावती विकत घेतली, हे विचारावं. युरोपीय संघात पावत्यांच्या जोरावर मालाला न्यूट्रल म्हणण्यावर सप्टेंबर २०२६ पासून बंदी आहे.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’सारखा मोघम शब्द वापरायचा, तर त्याचा अर्थ आणि पुरावा द्यावा लागतो, क्यूआर कोड किंवा लिंक चालते. कोड स्कॅन करून फक्त जाहिरात उघडली, तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि बिल जवळ ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.