पिढ्यांची बारशी अमेरिकेत, शिक्के आपल्या ऑफिसात

मुलाखत घेणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. विशीतल्या उमेदवाराबद्दल, "ही मुलं टिकत नाहीत." पंचेचाळिशीतल्या उमेदवाराबद्दल, "यांना नवीन सिस्टीम झेपायची नाही." हल्ली या तक्रारींना जेन झी, मिलेनियल, बूमर अशी नावं मिळाली आहेत, आणि नाव मिळालं की तक्रारही शास्त्रीय वाटू लागते.

या नावांपैकी ‘बूमर’ला तेवढा जन्मनोंदीचा भक्कम आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 ते 1964 या काळात अमेरिकेत सुमारे 7.6 कोटी मुलं जन्मली. त्याआधी जन्म कमी, त्यानंतर पुन्हा उतरलेले. म्हणून मधला फुगवटा उठून दिसतो. पुढच्या नावांमागे असं काही नाही. ‘मिलेनियल’ शब्द विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या लेखकद्वयाने रुळवला. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने ही पिढी 1981 ते 1996 अशी कापली. म्हणजे 31 डिसेंबर 1996 ला जन्मलेला एका पिढीत आणि दुसऱ्या दिवशी जन्मलेला दुसऱ्या, म्हणजे जेन झीत! याविरुद्ध 2021 मध्ये समाजशास्त्रज्ञांनी प्यूला जाहीर पत्र लिहिलं आणि 2023 मध्ये संस्थेनेच ही लेबलं जपून वापरायचं ठरवलं. त्याआधी 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी नेमका मनुष्यबळ व्यवस्थापनाचाच प्रश्न तपासला होता. पिढीनुसार कर्मचाऱ्यांना वेगळं वागवण्याला संशोधनाचा आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

तक्रारी मात्र त्याच राहिल्या, फक्त आरोपी बदलले. 1976 मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिकाने त्या दशकालाच ‘मी-दशक’, म्हणजे स्वतःतच रमलेलं दशक, म्हटलं, तेव्हा बूमर ऐन तारुण्यात होते. 2013 मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ‘मी मी मी पिढी’ म्हणून मिलेनियल झळकले.

नोकरभरतीत हा पूर्वग्रह सगळ्यात महाग पडला तो वय झालेल्यांना. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या 1965 च्या अहवालात दिसलं की, खासगी क्षेत्रातल्या जवळपास निम्म्या नव्या जागा पंचावन्नच्या वरच्यांना बंदच होत्या. म्हणून 1967 चा कायदा आला आणि चाळिशी ओलांडलेल्यांना संरक्षण मिळालं. आपल्या राज्यघटनेच्या कलम 16 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे सरकारी नोकरीतल्या भेदभावाचे आधार मोजून दिले आहेत. त्यात वय नाही. त्यामुळे ‘वय 30 च्या आत’ अशी जाहिरात इथे बिनदिक्कत छापता येते.

मुळात अमेरिकेचं हे कालपत्रक आपल्याला लागूच पडत नाही. आपल्याकडे 1964 नंतर फुगवटा ओसरला नाही. 1971 ची 54.8 कोटी लोकसंख्या 1981 ला 68.3 कोटींवर गेली. इथल्या ऑफिसात माणसामाणसांत फरक पडला तो जन्मसालापेक्षा नोकरीच्या अटींमुळे. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, तेव्हा पात्रता होती वय 40 किंवा 15 वर्षं सेवा. सुमारे एक लाख जण बाहेर पडले. चाळिशीतच ‘जुने’ ठरलेल्यांची ही यादी कुठल्या पिढीच्या स्वभावावरून केलेली नव्हती, पगारपत्रक हलकं करायचं होतं.

महाराष्ट्रातली खरी रेघ तर तारखेसकट सांगता येते: 1 नोव्हेंबर 2005. त्या दिवसापासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. एकाच खात्यात, शेजारच्या टेबलांवर, ऑक्टोबरमध्ये रुजू झालेल्याला निवृत्तीनंतर ठरलेली रक्कम आणि नोव्हेंबरवाल्याला बाजाराच्या भरवशावरचा निधी, अशी तेव्हा विभागणी झाली. मग नोव्हेंबरवाल्यात ‘निष्ठा कमी’ असल्याची कुजबुज सुरू झाली. 14 मार्च 2023 ला राज्यभरातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, ते याच नोव्हेंबरवाल्यांना जन्मभराची हमी मिळावी म्हणून.