‘वॉरंटी हाय की!’ पण कुणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की जुळे सोलापुरात माझा भाव वधारतो. मी कॉम्प्युटरवाला नव्हे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. पण ऑफिसातली आठ मशिनं मीच घेतली आणि बिघडल्यावर धावपळही मीच केली. त्यामुळे शेजारी, साडू आणि साडूचे शेजारी एकच प्रश्न घेऊन दारात येतात : “अण्णा, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. ऑनलाइन मागवू, का नव्या पेठेतनं घेऊ?”

हातात कागद असतो. वेबसाइटवर इतके, दुकानात इतके, पुण्यात इतके. फरक हजार-दीड हजाराचा. मी विचारतो, वॉरंटीचं काय? “हाय की! तीन वर्षं.” कुणाची? इथे माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला त्याच्या आजोबांचं गोत्र विचारलंय.

घोळ इथेच आहे. ‘कंपनीची वॉरंटी’ आणि ‘दुकानाची वॉरंटी’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि काउंटरवर दोन्ही एकाच शब्दात विकल्या जातात. कुठून घ्यायचं हा प्रश्न किमतीने सुटत नाही, यातली कुठली वॉरंटी हातात पडतेय हे कळल्यावर सुटतो. (गॅरंटी आणि वॉरंटी यांतला फरक मात्र मला विचारू नका. बाजारात ‘बदलून देतो’ म्हणजे गॅरंटी आणि ‘दुरुस्त करून देतो’ म्हणजे वॉरंटी, इतकंच. कागदावर काय लिहिलंय तेच खरं.)

गोंधळ होतो तो मोबाइलच्या सवयीने. मोबाइल तुम्हाला चांगला कळतो. एक खोका, एक कंपनी, एक वर्ष. सात रस्त्याला घ्या नाहीतर मोबाइलवरून मोबाइल मागवा, बिघडला तर त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं. मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप किंवा ऑल-इन-वन (मॉनिटरच्या आतच सगळं बसवलेला) घेत असाल तर हाच हिशेब चालतो, त्यावर डोकं शिणवू नका. दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, जिथे स्वस्त तिथे. फक्त वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे की ‘कॅरी-इन’ ते वाचा. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येतो, कॅरी-इन म्हणजे धूड उचलून तुम्ही जायचं. आणि मशीन आल्या दिवशी कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झालीय ते बघा. गोदामात पडून राहिलेल्या मशिनची मुदत कधीकधी आधीच चालू झालेली असते. बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घ्यायची.

पण निम्म्याहून जास्त लोक माझ्याकडे येतात ते असेंबल्डसाठी, म्हणजे सुटे पार्ट जोडून दिलेल्या कॉम्प्युटरसाठी, आणि तिथे मोबाइलची अक्कल कामाची नाही. असेंबल्ड कॉम्प्युटर नावाची एक वस्तू नसतेच. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी (डेटा साठवायची), एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज देणारा), कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस असे सात-आठ खोके असतात आणि प्रत्येक खोक्याची कंपनी वेगळी, मुदत वेगळी. प्रोसेसर आणि मदरबोर्डला साधारण तीन वर्षं. एसएसडीला तीन किंवा पाच, त्यातही ‘इतका टेराबाइट डेटा लिहून होईपर्यंत’ अशी अट, जे आधी संपेल ते. रॅमला कित्येकदा आयुष्यभराची म्हणतात. कॅबिनेटच्या पत्र्याला बहुधा काहीच नाही. मग दुकानदार ‘सेटला तीन वर्षं’ म्हणतो तेव्हा तो नेमकं कशाबद्दल बोलतोय? बहुतेक वेळा कशाबद्दलच नाही. तो तुम्हाला आवडेल तो आकडा सांगतोय.

प्रोसेसरचं उदाहरण घ्या, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. एकच इंटेलचा प्रोसेसर बाजारात दोन रूपांत मिळतो. एक छापील खोक्यातला, सीलबंद, बाजूला नंबरांचं स्टिकर. दुसरा ‘ट्रे’तला : पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत नुसती चिप, ना खोका, ना छापील कागद. चिप तीच, वेग तोच, ट्रेवाला स्वस्त. दुकानदार म्हणतो, “मालक, आत तेच आहे, खोक्याला कशाला पैसे?” आत तेच आहे हे खरंच आहे. पण खोक्यातल्या प्रोसेसरला इंटेल तुम्हाला थेट तीन वर्षं उत्तर देते. ट्रेतल्यासाठी इंटेल म्हणते, ज्याच्याकडून घेतलात त्याच्याकडे जा. म्हणजे तुम्ही वाचवलेल्या पैशांत कंपनीची वॉरंटी देऊन दुकानाची घेतलीत. चालेल, पण माहीत असून घ्या. ट्रे घेऊन गेलेल्या माणसाला हे दुकानात सांगितलं गेलंय, असं माझ्या तरी बघण्यात नाही.

आता बिल. इथे माझा पोटशूळ उठतो, कारण माझा धंदाच बिलांचा.

माझ्यासमोर आलेल्या दहातल्या सात बिलांवर एकच ओळ असते : ‘असेंबल्ड कॉम्प्युटर सेट, १ नग’. खाली रक्कम, जीएसटी १८ टक्के, शिक्का, सही. बिल पक्कं आहे, कर भरलाय, माणूस खूश. पण त्या ओळीत ना मॉडेल, ना सिरियल नंबर. तुमच्या घरातली एसएसडी त्या बिलातली आहे हे त्या एसएसडीच्या कंपनीला कशावरून कळावं? एका ओळीच्या बिलाने सात कंपन्यांच्या सात वॉरंट्या एका दुकानाच्या गल्ल्यात जमा होतात. दुकान आहे तोवर त्या आहेत.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. २०२० मध्ये मुलीची शाळा ऑनलाइन झाली तेव्हा घाईघाईत घरी एक सेट घेतला. एसएसडीच्या खोक्यावर ‘५ वर्षे’ छापलेलं, मी ते वाचून समाधानाने खोका रद्दीत दिला. तिसऱ्या वर्षी मशीन सुरू व्हायचं बंद झालं. दुकानात गेलो तर तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली. मालक तेच, चहा पाजला, आणि बिल उलटं करून मागचा जांभळा शिक्का दाखवला : ‘वॉरंटी १ वर्ष’. कंपनीला लिहिलं, त्यांनी सिरियल नंबर असलेलं बिल मागितलं. माझ्याकडे ‘सेट, १ नग’. दोन महिने मेल-मेल खेळून शेवटी नवीन एसएसडी विकत घेतली. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढणारा मी, स्वतःच्या घरचं बिल उलटूनसुद्धा बघितलं नव्हतं.

बिलच न घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं? “बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील.” चाळीस हजारांवर ७,२०० रुपये, मोह होतो हे समजू शकतो. पण त्या ७,२०० मध्ये तुम्ही सगळ्या वॉरंट्या विकल्या, कंपनीच्या आणि दुकानाच्याही. ‘एस्टिमेट’ लिहिलेला गुलाबी कागद म्हणजे बिल नव्हे. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि ती पाटी, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’! माल सदोष असेल तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिली नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं हेही त्याच यादीत बसतं. पाटी कितीही मोठ्या अक्षरांत रंगवली तरी.

इतकं वाचून वाटेल, हा माणूस ऑनलाइनवाला दिसतोय. नाही. असेंबल्ड घ्यायचा तर मी सोलापुरातल्याच दुकानातून घ्यायला सांगतो आणि त्यावर ठाम आहे.

कारण असं. कंपनीची वॉरंटी असली तरी ती वसूल करायला पाय लागतात. मदरबोर्ड गेला तर आधी मदरबोर्डच गेलाय हे कुणीतरी शोधायला हवं; घरी जादा रॅम आणि जादा एसएमपीएस लावून बघायची सोय कुणाकडे असते? मग तो खोलायचा, गुंडाळायचा, सर्व्हिस सेंटरला पोचवायचा, पंधरा दिवसांनी परत बसवायचा. चांगला दुकानदार ही हमाली करतो. दुकानाची खरी किंमत ती. त्याला हवं तर दुकानाची वॉरंटी म्हणा, पण ती सेवा आहे आणि तिची मुदत दुकानदाराच्या स्वभावावर असते. म्हणून मला दोन्ही हव्यात : हमाली दुकानाची, जबाबदारी कंपनीची. हे दोन्ही जुळवणारा कागद एकच, प्रत्येक पार्टची वेगळी ओळ आणि ओळीत सिरियल नंबर असलेलं बिल.

ऑनलाइन सुटे पार्ट मागवले तर बिल आपोआप वेगवेगळं मिळतं, हे त्यांच्या बाजूने मान्य. पण विकणारी वेबसाइट नसते, बिलावर नाव असतं तो विक्रेता असतो. ते नाव वाचा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नसेल, बाहेरच्या देशातला माल असेल, तर इथली कंपनी हात वर करू शकते. बदलून देण्याची मुदत आठ-दहा दिवसांची, आणि तेवढ्यात तुमचा जोडणाराच सापडत नाही. जोडायला तुम्ही जाणार त्याच नव्या पेठेतल्या दुकानात, ऑनलाइनचा माल घेऊन. तो जोडून देईल, पैसे घेईल. सहा महिन्यांनी बिघडला तर मात्र चहा पाजणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

“पुण्याहून आणतो, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जायचं, रात्री परत.” किंवा “मामा हैदराबादला आहे, सिकंदराबादला लई स्वस्त.” आणा की! पण मग मदरबोर्ड घेऊन अडीचशे-तीनशे किलोमीटर पुन्हा कोण जाणार, मामा? दीड हजारासाठी हा उद्योग मला पटत नाही. कायद्याची बाजू म्हणाल तर बाहेरून घेतलं तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सोलापूरच्याच ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि त्याआधी १९१५ वर फोन करता येतो. पण पोराची परीक्षा त्यासाठी थांबत नाही.

बाकीचं झटपट. यूपीएस इथूनच घ्या. जड वस्तू, दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलायला लागते आणि आपल्याकडची लाइट आपल्याला माहीत आहे. जळालेल्या पार्टला कुणाचीच वॉरंटी नसते. मॉनिटर कुठूनही घ्या. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणजे लायसन्स नव्हे. आणि पंधरा हजारांत ‘आय-सेव्हन’ प्रोसेसरचा कॉम्प्युटर देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, कितवी जनरेशन? तिसरी असेल तर ती २०१२ सालची चिप आहे, विंडोज ११ तिला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. नवीन कॅबिनेटमध्ये घातली म्हणून ती नवीन होत नाही. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत तिचा पंखा जो ओरडतो तो वेगळाच.

गेल्या महिन्यात साडूच्या पोराला घेऊन गेलो होतो. दर ठरला, माल टेबलावर आला, आणि मी म्हटलं, बिल पार्टवार करा, नंबर टाकून. दुकानदार म्हणाला, “अण्णा, सॉफ्टवेअरमध्ये सेटच येतो.” मी बसून राहिलो. सॉफ्टवेअर सुधारलं. पोरगं एकेक खोका उचलून नंबर वाचू लागलं, दुकानातली मुलगी टाइप करू लागली. रॅमपाशी पोरगं अडखळलं. खोक्यावरचा नंबर एक, पट्टीवरच्या स्टिकरचा नंबर दुसराच. “काय बे, नीट वाच,” मी म्हटलं. त्याने पुन्हा वाचला, मग मी चष्मा लावून वाचला. दुकानदार काही न बोलता आत गेला आणि सीलबंद दुसरा खोका घेऊन आला.