जेझेरो विवर

जेझेरो हे मंगळाच्या उत्तर गोलार्धातील, इसिडिस मैदानाच्या पश्चिम काठावरचे सुमारे ४५ किमी. व्यासाचे आघात विवर आहे. बोस्नियातील एका गावावरून त्याला हे नाव मिळाले असून तेथील भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सरोवर’ असा होतो.

विवराची पश्चिमेकडील कड फोडून आत शिरलेल्या नेरेत्वा दरीच्या मुखाशी गाळाचा पंख्यासारखा त्रिभुज प्रदेश पसरलेला आहे, तर पूर्वेच्या कडेतून प्लिव्हा ही दुसरी दरी बाहेर पडते. यांपैकी बाहेर जाणारी वाट अधिक बोलकी आहे, कारण विवर तुडुंब भरल्याशिवाय पाणी कड ओलांडत नाही. बसाल्ट या अग्निजन्य खडकात घडलेल्या आपल्या लोणारच्या आघात विवराला अशी वाट नाही. तेथील पाणी केवळ बाष्पीभवनाने उडते आणि क्षार मागे साचत राहतात.

नासाचे पर्सिव्हिअरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी येथे उतरले. तळाशी सरोवराचा गाळ सापडेल ही अनेकांची अपेक्षा फोल ठरली, कारण तेथील खडक अग्निजन्य निघाले. मात्र त्याच वर्षी ‘कोडियाक’ या एकाकी टेकाडाच्या छायाचित्रांत आडव्या थरांच्या मध्ये तिरपे उतरणारे थर स्पष्ट दिसले. संथ पाण्यात शिरणारी नदी गाळ असाच टाकते, त्यामुळे साडेतीन अब्ज वर्षांहूनही पूर्वी येथे सरोवर होते याविषयी फारशी शंका उरली नाही.

जीवसृष्टीचा प्रश्न इतक्या सहज सुटणारा नाही. जुलै २०२४ मध्ये नेरेत्वा दरीत रोव्हरला जेमतेम मीटरभर लांबीचा एक तांबूस खडक आढळला, त्याला ‘चेयावा फॉल्स’ असे नाव देण्यात आले. त्यावर पांढऱ्या कॅल्शियम सल्फेटाच्या शिरा आहेत आणि गडद कडांचे, आतून फिकट असे मिलिमीटरभर आकाराचे ठिपके आहेत. बिबट्याच्या कातड्यावर असतात तसे. या ठिपक्यांत व्हिव्हिअनाइट (लोहाचे फॉस्फेट) आणि ग्रेगाइट (लोहाचे सल्फाइड) ही खनिजे असावीत, असे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात म्हटले आहे. पृथ्वीवरील चिखलात सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना लोह व गंधक यांचा वापर करतात, तेव्हा अशी खनिजे तयार होतात. या खडकातही सेंद्रिय कार्बनाच्या खुणा मिळाल्या आहेत. परंतु जीवांच्या साहाय्याविनाही, विशेषतः अधिक तापमानाला, ही खनिजे घडू शकतात. हा खडक फार तापल्याचे दिसत नाही ही बाब जीवसृष्टीच्या बाजूने जाते, तरी संशोधकांनी ‘संभाव्य जैवचिन्ह’ एवढाच सावध शब्द वापरला, आणि तो योग्यच आहे.

या दोन शक्यतांतील निवाडा रोव्हरवरच्या छोट्या उपकरणांनी होण्याजोगा नाही. त्यासाठी खडकाचा पातळ छेद घ्यावा लागेल आणि गंधक व लोह यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरील प्रयोगशाळेत मोजावे लागेल. या खडकातून काढलेला ‘सफायर कॅन्यन’ हा नमुना नळीत बंद करून ठेवलेला आहे; नमुने परत आणण्याची मोहीम मात्र वाढता खर्च आणि विलंब यांमुळे अडचणीत आली आहे.