त्वचेवरील नवे काळे डाग

त्वचेवर आधी नसलेला काळा, तपकिरी किंवा निळसर डाग उमटणे ही कोणत्याही वयात घडणारी गोष्ट आहे. असे बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. मात्र मेलानोमा हा त्वचेचा गंभीर कर्करोगही सुरुवातीला लहानशा डागासारखाच दिसतो. त्यामुळे डाग किती काळा आहे यापेक्षा तो बदलतो आहे का, याला अधिक महत्त्व आहे.

बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मेलानोसाइट पेशी मेलानिन हे रंगद्रव्य बनवून आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. ऊन, दाह, संप्रेरके किंवा काही औषधे यांमुळे मेलानिन वाढले की डाग पडतो. ते वरच्या थरात राहिले तर डाग तपकिरी दिसतो, खाली उतरले तर राखाडी-निळसर.

सावळ्या व काळ्या त्वचेत सर्वाधिक आढळतो तो दाहानंतरचा डाग. मुरूम, कीटकदंश, इसब किंवा भाजणे बरे झाल्यावर त्याच जागी तो उरतो. वरवरचा डाग काही महिन्यांत फिकटतो, खोलवरचा वर्षानुवर्षे टिकू शकतो. मुरूम फोडणे आणि खाजवणे यांनी तो गडद होतो. वांग गाल, कपाळ व वरच्या ओठावर, बहुधा दोन्ही बाजूंना सारखे येते. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही त्याची नेहमीची निमित्ते. उतारवयात येणारे खरखरीत, वरून चिकटवल्यासारखे उंचवटेही निरुपद्रवी असतात.

काही डाग शरीरातल्या बिघाडाकडे बोट दाखवतात. मान आणि काखेतला जाडसर, मखमली काळेपणा म्हणजे मळ नव्हे. तो बहुधा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे लक्षण असतो, म्हणून घासत बसण्याऐवजी रक्तातील साखर तपासावी. तळहाताच्या रेषा, हिरड्या आणि जुने व्रण काळवंडले, सोबत थकवा आला आणि वजन घटले, तर अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या संप्रेरक बनवणाऱ्या) ग्रंथींची तपासणी लागते. एखादे औषध घेतले की दर वेळी त्याच जागी गोल डाग उठत असेल, तर ती त्या औषधाची प्रतिक्रिया असते; औषधाचे नाव लिहून डॉक्टरांना दाखवावे.

मेलानोमाची शंका घेण्याजोगी लक्षणे अशी: डागाचे दोन अर्धे एकसारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या किंवा पुसट असणे, एकाच डागात अनेक रंग दिसणे, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असणे आणि आकार, रंग वा उंची बदलत जाणे. यांत शेवटचे लक्षण सर्वांत मोलाचे. अंगावरच्या इतर तिळांहून अगदी वेगळा दिसणारा एखादा तीळ, रक्त येणे, न भरणारी जखम किंवा काही आठवड्यांत वाढणारी टणक गाठ हीसुद्धा दाखवण्याची कारणे आहेत. अशी गाठ काळी नसून गुलाबीही असू शकते.

गडद वर्णाच्या लोकांत मेलानोमा कमी आढळतो, पण झालाच तर तो बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली असतो, जिथे सहसा कोणी पाहत नाही. जमैकन गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये तो सापडला. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नखाखालचा काळा डाग साकळलेल्या रक्ताचाही असू शकतो; तसे रक्त नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याहून बरेच हळू. डाग न सरकता रुंदावत असेल किंवा काळा रंग नखालगतच्या कातडीवर पसरत असेल, तर थांबू नये. गडद वर्णात अनेक नखांवर तपकिरी पट्टे असणे स्वाभाविक असते. मोठ्या माणसाच्या एकाच नखावर नव्याने आलेला पट्टा मात्र तपासून घ्यावा.

साध्या वाटणाऱ्या डागाचा शेजारी मोजपट्टी धरून, तशाच उजेडात दर महिन्याला फोटो काढावा. शंका आली असेल तर फोटोंची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. ताप असताना दाबूनही न फिकटणारे जांभळट-काळे ठिपके उठले, तर ते रक्तस्रावाचे असतात आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

तज्ज्ञ डर्मोस्कोपने डाग मोठा करून पाहतात. संशय उरला तर शक्यतो संपूर्ण डाग भोवतालच्या १ ते ३ मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. अशा तपासणीने, म्हणजे बायोप्सीने, कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. उलट मेलानोमा त्वचेत किती खोल गेला यावर पुढचे सारे अवलंबून असते, आणि १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणूनच निदानाआधी डाग लेसरने किंवा आम्लाने जाळणे घातक ठरते: तपासायला ऊतीच उरत नाही.

निरुपद्रवी डागांवर उन्हापासून संरक्षण हाच पहिला उपचार. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे. वांगासाठी लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण दृश्य प्रकाशही वांग वाढवतो. स्टेरॉइडमिश्रित क्रीम सल्ल्याविना वापरले तर त्वचा पातळ होते, तर डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन दीर्घकाळ लावल्यास निळसर-काळे, सहजी न जाणारे नवे डाग पडू शकतात.