सरकारी कंपनीचं ऑडिट कोण करतं आणि सीए फर्मला ते मिळतं कसं

महावितरण, सिडको, महाबीज यांचा ऑडिटर कंपनी स्वतः निवडत नाही, मंत्रीही नाही, तो नेमतं कॅगचं, म्हणजे देशाच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचं ऑफिस. कंपनी कायदा 2013, कलम 139(5). केंद्र, राज्य किंवा दोघांचे मिळून किमान 51 टक्के शेअर्स असले की ती सरकारी कंपनी, आणि आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून 180 दिवसांत कॅगने ऑडिटर नेमायचा. कंपनी नवी असेल तर नोंदणीपासून 60 दिवस.

नावातल्या 'महामंडळ'वर जाऊ नका. पर्यटन महामंडळ चक्क कंपनी आहे, पण एसटी 1950 च्या वेगळ्या कायद्याखाली, त्यामुळे तिथे बाहेरचा सीए नसतोच, कॅगची माणसंच हिशोब तपासतात. सरकारी बँका आणि एलआयसी तर या चौकटीतच येत नाहीत.

आता फर्मवाल्यांसाठी. दरवर्षी कॅगच्या साइटवर पॅनेलसाठी, म्हणजे ज्यातून ऑडिटर निवडतात त्या फर्म्सच्या यादीसाठी, ऑनलाइन अर्ज निघतात, साधारण वर्षाच्या सुरुवातीला, नेमकी तारीख तिथेच बघा. भागीदारी फर्म असो की एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), अर्ज भरता येतो. फर्म किती जुनी, पार्टनर किती आणि किती वर्षांपासून सोबत आहेत, पगारी सीए किती, यावर पॉइंट्स मिळतात. मुख्य कागद म्हणजे सीएंच्या इन्स्टिट्यूटचं (आयसीएआय) 1 जानेवारीच्या स्थितीचं फर्म कॉन्स्टिट्यूशन सर्टिफिकेट, म्हणजे फर्मच्या रचनेचा दाखला, अर्जातली माहिती त्याच्याशी तंतोतंत जुळवा, नुकताच पार्टनर बदलला असेल तर जास्तच. पॅनेलवर नाव आलं म्हणजे काम मिळालंच असं नाही हं. आणि फी कॅग ठरवत नाही, कंपनीच्या सर्वसाधारण सभेचं काम ते.

खरी मजा रिपोर्ट दिल्यावर. रिपोर्ट मिळाल्यापासून 60 दिवसांत कॅग पूरक ऑडिट करू शकतं, मग महालेखापालांच्या, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या ऑफिसातली टीम येऊन 'हाफ मार्जिन' काढते, म्हणजे पानाच्या एका अर्ध्यात प्रश्न आणि दुसऱ्या अर्ध्यात कंपनीने उत्तर द्यायचं, इथे गुळमुळीत उत्तर दिलं की तोच मुद्दा पुढे कॅगच्या टिप्पणीत छापून येतो. ती टिप्पणी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावीच लागते, आणि राज्याची कंपनी असेल तर वार्षिक अहवालासोबत विधिमंडळातही. कॅगचे मोठे अहवाल विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीकडे जातात, ती अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते. पण हिशोबच वेळेवर बंद झाले नाहीत तर हे सगळं अडतं, आणि महाराष्ट्रातल्या काही कंपन्यांचे हिशोब वर्षानुवर्षं थकलेले असतात हे कॅगनेच वारंवार लिहिलंय.