गांडूळखाऊ चपटे कृमी

मातीत राहून गांडुळं खाणारे हे चपटे, चिकट कृमी. स्वतःहून ते फार लांब जात नाहीत, कुंडीतल्या मातीतून माणूसच त्यांना परदेशी पोचवतो, आधी नर्सरी मग बाग आणि तिथून शेत.

शेतीला खरा दणका दिलाय तो न्यूझीलंडच्या जातीने. १९६३ मधे ती बेलफास्टला सापडली, नंतर स्कॉटलंडला, आणि तिथल्या ओल्या कुरणांत घुसली. उत्तर आयर्लंडच्या एका कुरणात तपासलं तर हे कृमी जास्त तिथे गांडुळांचं एकूण वजन साधारण २० टक्के कमी भरलं, आणि खोल उभी बिळं करणारी गांडुळं तर सगळ्यात जास्त गेली. आता पाणी मुरतं ते त्याच बिळांतून, म्हणजे शेतकऱ्याला कृमी दिसतच नाही, दिसतं ते चिबडलेलं रान. पण या जातीला थंडी लागते, पुण्याच्या एप्रिल-मेमधे ती काही टिकायची नाही.

आपल्याकडे बघायचं ते बायपॅलियम क्यूएन्से या दुसऱ्या जातीकडे. नोंद लंडनच्या क्यू गार्डन्समधली, १८७८ ची, मूळ मात्र व्हिएतनामच्या बाजूचं. डोकं अर्धचंद्रासारखं, अंगावर गडद उभे पट्टे, लांबी कधी कधी फूटभर. गांडुळाला चिकट स्रावाने जखडतो, पोटाच्या मधोमध असलेल्या तोंडातून नळी बाहेर काढतो, शिकार बाहेरच विरघळवून शोषून घेतो (जेवताना वाचू नका). अंगात टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर माशातलं विष, अगदी थोडं असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही पण उघड्या हाताने धरू नये. आणि खुरप्याने तर अजिबात कापू नका, तुकड्यातून नवीन कृमी तयार होतो, त्याची संख्या वाढते तीच तशी, शेपटीचा तुकडा टाकून पुढे जायचं.

पुण्याजवळच्या हडपसर, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून रोपं आणली की कुंडी उचलून खालचं भोक बघा, दिवसा ते तिथेच दडतात. गांडूळखताचा बेड असेल तर जास्तच, ओल, सावली आणि गांडुळांची गर्दी, सगळं आयतं. सापडला तर काडीने डब्यात घेऊन वर मीठ टाका, मातीत नको. मात्र पावसाळ्यात सह्याद्रीत फिरताना दिसलेला प्रत्येक चपटा कृमी मारत सुटू नका, भारतात इथल्याच मूळच्या जातीही आहेत.