ताळा जुळत नाही: फ्लॉपीच्या तक्रारी ऐकताना

जुना पीसी सुरू केला की काळ्या पडद्यावर हमखास उमटणारी ओळ म्हणजे ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’. ती पाहून घाबरायचं कारण नसायचं. बहुतेक वेळा आदल्या दिवशीची फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची काढता-घालता येणारी चुंबकीय चकती, ड्राइव्हमध्येच विसरलेली असायची. गंमत अशी, की हे वाक्य संगणकाचं नसतंच. ते त्या फ्लॉपीच्याच पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या पहिल्या कप्प्यात, लिहिलेलं असतं. फ्लॉपी फॉरमॅट करताना, म्हणजे वापरासाठी आखून घेताना, डॉस ही त्या काळची संगणकप्रणाली तिथे एक इवलासा प्रोग्रॅम ठेवून देतं. तो डॉसच्या मूळ फायली शोधतो आणि सापडल्या नाहीत की ही ओळ छापतो. म्हणजे ‘डिस्क एरर’ दिसली याचा अर्थ मोटर फिरली, हेड (चकती वाचणारा भाग) शून्याव्या ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या पहिल्या वर्तुळावर पोचलं आणि पहिला सेक्टर नीट वाचलाही गेला!

बाकीचे संदेशही असेच, वाचनाची गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते सांगणारे. १.४४ एमबीच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर दर बाजूला ८० ट्रॅक, दर ट्रॅकवर १८ सेक्टर आणि दर सेक्टरात ५१२ बाइट. प्रत्येक सेक्टरच्या दारावर पाटी असते: ट्रॅक कितवा, बाजू कोणती, सेक्टर कितवा. माहिती संपली की दोन बाइटांचा ताळा, शाळेत गुणाकार तपासायला करायचो तसा.

‘नॉट रेडी’ म्हणजे फ्लॉपी आत नाही, नीट बसलेली नाही किंवा फिरत नाही. ‘सेक्टर नॉट फाउंड’ म्हणजे हेड ट्रॅकवर गेलं, पण हवी ती पाटी दिसली नाही. ‘डेटा एरर’ म्हणजे घर सापडलं, मजकूर वाचला, पण ताळा जुळला नाही. ‘जनरल फेल्युअर’ मात्र आळशी कारकुनाचा शेरा आहे. बहुधा फ्लॉपी फॉरमॅटच केलेली नसते.

मग ‘अॅबॉर्ट, रिट्राय, फेल?’ यातलं रिट्राय दाबायचं का? जरूर, दोन-तीनदा. ती अंधश्रद्धा नाही. दोन शेजारच्या ट्रॅकमध्ये जेमतेम ०.१९ मिलिमीटर अंतर असतं. हेड शून्यापर्यंत मागे जाऊन (ती ‘खर्रर्र’ त्याचीच) पुन्हा येतं तेव्हा केसभर वेगळ्या जागी थांबू शकतं, आणि मघाशी न जुळलेला ताळा जुळतो.

पण एकाच फ्लॉपीवर तासभर रिट्राय करत बसू नका. फ्लॉपीत हेड चकतीला प्रत्यक्ष टेकलेलं असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी धरते. ती हेडला चिकटते आणि पुढच्या फ्लॉपीला ओरखडे पाडते. लागोपाठ दोन फ्लॉप्या वाचल्या गेल्या नाहीत, तर तिसरी, विशेषतः मोलाची, आत घालण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा.

सुरुवातीलाच ‘फ्लॉपी डिस्क फेल (४०)’ आलं तर फ्लॉपीला बोल लावू नका, ती अजून चित्रातच नाही. संगणकातली बॅटरी संपून सेटअपमधली, म्हणजे कोणता ड्राइव्ह जोडलाय याची, नोंद बिघडलेली असते, नाहीतर ३४ तारांची रिबन केबल निसटलेली. ड्राइव्हचा दिवा सतत जळत असेल तर केबल उलटी लागली आहे.

सगळ्यात घातक बिघाड मात्र कुठलाच संदेश देत नाही. त्याच केबलमधली ३४ क्रमांकाची तार ‘फ्लॉपी बदलली’ एवढंच कळवते. ती तुटली, की नवी फ्लॉपी घालून ‘डिर’ ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा द्या, यादी जुन्या फ्लॉपीचीच दिसते. संगणकाच्या दृष्टीने फ्लॉपी तीच! अशा वेळी काही सेव्ह केलं तर जुन्या फ्लॉपीचा नकाशा धरून नव्या फ्लॉपीवर लिहिलं जातं आणि तिच्यावरच्या फायलींची वाट लागते. म्हणून अनोळखी ड्राइव्ह हाती आला की आधी दोन रिकाम्या फ्लॉप्यांवर वेगवेगळ्या नावांच्या फायली ठेवा, आलटून पालटून घाला आणि यादी बदलते का ते पाहा.